पिंपल्स म्हणजे रक्तातली घाण नव्हे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "पिंपल्स म्हणजे पोटातली उष्णता, रक्तातली घाण. तळकट बंद करा, पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवा, फोडावर टूथपेस्ट लावा. लग्न झालं की आपोआप जातात." आईवडील विश्वासाने पुढे पाठवतात आणि घरातल्या पोरांना बोलणी बसतात.

रक्ताचा इथे संबंध नाही. वयात आल्यावर अँड्रोजेन या संप्रेरकांमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. मृत पेशी साचून केसाचं छिद्र बुजतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. आईवडिलांना मुरुमं झाली असतील तर मुलांना होण्याची शक्यता जास्त.

ब्लॅकहेडचा काळा ठिपका मळ वाटतो, म्हणून मुलं घासत सुटतात. पण तो मळ नसतोच. छिद्रात अडकलेल्या तेलात आणि मृत पेशींत मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य असतं, ते हवा लागून काळं पडतं. घासून सूज तेवढी वाढते. सौम्य फेसवॉशने दोनदा धुतलं, घाम आल्यावर आणखी एकदा, की पुरे. टूथपेस्टने तर कातडी पोळते.

खाण्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. साखर, मैद्याचे पदार्थ, काहींना दूध आणि जिममधलं व्हे प्रोटीन बाधतं. तळकटाविरुद्ध तेवढा ठोस पुरावा नाही. मुलीने गोखले रोडला एखादा वडापाव खाल्ला म्हणून तिला बोल लावू नका.

लग्नाचा सल्ला मात्र मला संतापजनक वाटतो. पंचविशी-तिशीतही पिंपल्स येतात, लग्न झालेल्यांनाही. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं बिघडून होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराची, तपासणी करायला हवी. स्थळं बघण्यात ती राहून जाते.

खरा धोका या मेसेजमध्ये नाहीच. मेडिकलवाल्याला विचारून आणलेली "गोरं करणारी" ट्यूब बऱ्याचदा स्टिरॉइडची असते. आठवडाभर चेहरा उजळतो, मग लाल होतो, कातडी पातळ पडते आणि ट्यूब बंद करताच फोड उसळून येतात. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतातच.

बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन ही मुरुमांवर लावायची औषधं खरोखर काम करतात, पण सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो. फोड मोठे, दुखरे असतील किंवा खड्डे पडत असतील तर थांबू नका. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.