मोरचूद टाकून पाणी "काचेसारखं" करायला निघालेल्या फॉरवर्डला उत्तर

काल रात्री आत्याचा फोन. "अगं, पाणी जरासं हिरवट येतंय, उकळून बाळाच्या बाटलीत घातलं तर चालेल ना?" मी आधी हसले, मग लक्षात आलं की ती खरंच विचारतेय. तिला व्हॉट्सअॅपवर 'छोट्या गावांनी पाणी कसं वाचवावं, तज्ज्ञांचे सात सल्ले' असा मेसेज आलाय. तो मलाही तीन ग्रुपांवरून आला होता, मी न वाचताच उडवला होता. आता बसून वाचला आणि डोकंच फिरलं.

मेसेज म्हणतो काय, तर गावाबाहेरची दलदल म्हणजे पडीक जागा आणि डासांची खाण, भर टाकून बुजवा. लव्हाळे, पाणकणीस सगळं उपटा. तळ्याचा काठ सिमेंटने बांधून घ्या. पाणी हिरवं झालं तर मोरचूद टाका, चोवीस तासांत काचेसारखं. तरी शंका वाटली तर उकळून प्या, सगळं विष मरतं. फिल्टर प्लांट आहे ना, मग पाणथळीचं कौतुक कशाला. आणि एवढ्याशा गावाची घाण ती किती असणार! खाली हात जोडलेले इमोजी आणि "जनहितार्थ". तज्ज्ञ कोण, कुठले, याचा पत्ता नाही.

क्रमाने जात बसत नाही, जे सगळ्यात घातक आहे ते आधी.

मोरचूद, म्हणजे तो निळा कॉपर सल्फेट. त्याने हिरवं मरतं, हे खरंय, नाही कोण म्हणतंय. पण उन्हाळ्यात तळ्यावर रंग सांडल्यासारखा जो हिरवा तवंग येतो तो बरेचदा शेवाळ नसतोच, ते सायनोबॅक्टेरिया असतात, म्हणजे जिवाणू. त्यांच्या काही जाती विष तयार करतात आणि जिवंत असेपर्यंत त्यातलं बरंचसं विष पेशीच्या आत राहतं. तुम्ही मोरचूद टाकलंत की पेशी फुटतात आणि आतलं सगळं एकदम पाण्यात. रंग गेला, विष सुटलं. आणि फिल्टरची वाळू अख्खी पेशी अडवू शकते, पाण्यात विरघळलेलं विष ती कशी अडवणार? म्हणजे ज्या क्षणी पाणी काचेसारखं दिसायला लागतं, नेमकं तेव्हाच ते जास्त धोक्याचं झालेलं असू शकतं.

हे मी मनाने सांगत नाहीये. 1979 साली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या पाम आयलंडवर, हेच झालं. छोटी वस्ती, पाण्यासाठी एक धरण. पाण्याला वास येतो, चव बिघडलीये अशा तक्रारी आल्या म्हणून धरणात मोरचूद टाकलं आणि नंतर काही दिवसांतच लोक आजारी पडायला लागले. 148 जण, त्यातली बहुतेक लहान मुलं. उलट्या, सुजलेलं यकृत, मग किडनीवर परिणाम. काय झालंय हे कुणालाच कळेना, म्हणून त्याला "पाम आयलंडचा गूढ आजार" असं नावच पडलं. पुढे त्याच धरणात विष तयार करणारे सायनोबॅक्टेरिया सापडले तेव्हा कुठे धागा जुळला. काही जण अजूनही म्हणतात की जिवाणूंचं विष नव्हे, तांबंच बाधलं असणार. बरं, तसं धरा! मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, त्यामुळे दोन्हीकडून बोट मोरचुदाकडेच जातं. आणि आमचे तज्ज्ञ ते "घरच्या घरी" टाकायला सांगतायत, प्रमाण न देता.

आता उकळणं, कारण आत्या त्यावरच अडून बसली होती. "दहा मिनिटं खळखळून उकळते मी." उकळल्याने जंतू मरतात, कॉलरा-टायफॉइडच्या बाबतीत तो सल्ला सोन्यासारखा आहे, तेवढं श्रेय मेसेजला देऊन टाकते. पण विष हा जंतू नाही, त्याला मारणार काय? मी आत्याला म्हटलं, तुझ्या पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी बघ, तो पांढरा खरखरीत थर दिसतो ना, नखाने खरवडला तर पापुद्रे निघतात तो? ते पाण्यातले क्षार. पाण्याची वाफ झाली, ते मागे राहिले. खतातून आणि सांडपाण्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट तर असा थरसुद्धा धरत नाही, पाण्यातच विरघळलेलं राहतं, दिसत नाही, वास नाही, आणि पाणी जितकं आटेल तितकं त्याचं प्रमाण वाढतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच नायट्रेटमुळे घटू शकते, बाळ निळसर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 50 मिलिग्रॅमची मर्यादा घातलीये ती मुख्यतः या बाळांसाठीच. आणि सायनोबॅक्टेरियाच्या विषाचं म्हणाल तर ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराने जवळपास 5 लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, आणि त्याच सूचनेत बजावलं होतं की उकळू नका, उकळल्याने विष आणखी दाट होईल.

डास. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. ज्या पाणथळ जागेत गावाचं गटार सोडलंय, पाणी हलत नाही, मासा टिकत नाही, तिथे डास होतात आणि भरपूर होतात. याच टोलेडोच्या बाजूला पूर्वी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची शंभर मैलांच्या आसपास पसरलेली दलदल होती आणि तिथल्या लोकांना मलेरियाने खरोखर हैराण केलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून ती कोरडी केली, ताप कमी झाला, शेती जोरात आली. मेसेजवाल्यांना हे माहीत असतं तर त्यांनी नाचून सांगितलं असतं. पण गोष्ट तिथे संपत नाही ना. त्याच शेतांतलं खत आता त्याच चरांतून नदीत, नदीतून टोलेडो जिथून पाणी घेतं त्या एरी सरोवरात, आणि 2014 चा तो हिरवा तवंग त्यावरच पोसलेला. आज ओहायोचं, म्हणजे टोलेडो ज्या राज्यात आहे तिथलं, सरकार त्या भागात पाणथळी परत तयार करायला पैसे खर्च करतंय, 2019 पासून.

आणि डेंग्यूचा डास दलदलीत जातच नाही फारसा, त्याला आपल्याच घरचं पाणी लागतं. झाकण नसलेला ड्रम, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार. जित्या पाणथळीत त्याच्या अळ्या खायला चतुराची पिल्लं आहेत, पाणकिडे आहेत, छोटे मासे आहेत. ताटलीत कोण आहे?

"पडीक जागा" या शब्दाने तर तिडीक जाते. पावसाळा सरल्यावर कधी काठावर पाय ठेवून बघा. बुडबुडे येतात, सडक्या अंड्याचा वास येतो, लोक नाक धरून मागे फिरतात आणि म्हणतात घाण आहे. त्या काळ्या चिखलात ऑक्सिजन नाही म्हणून वास. आणि ऑक्सिजन नाही म्हणूनच तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. पाणकणसाचं एक मूळ उपटून बघा (एकच, मेसेजसारखं सगळं रान नको), काळ्या गाळात त्याच्याभोवती तांबूस कडं दिसेल, गंजासारखं. झाड देठातून खाली हवा नेतं, ती मुळातून झिरपते आणि चिखलातलं लोह गंजतं. गढूळ पाणी लव्हाळ्यात शिरलं की त्याचा वेग पडतो, गाळ बसतो, गाळाला चिकटलेला फॉस्फरसही, म्हणजे त्या हिरव्या तवंगाचं खाद्यच, बसतो. तुरटी, वाळू आणि क्लोरीनवाला साधा फिल्टर प्लांट नायट्रेट काढत नाही, त्यामुळे "प्लांट आहे ना" हे उत्तर होत नाही. अर्थात पाणथळीलाही पोट असतं. कच्चं सांडपाणी ओततच राहिलात तर ती भरते आणि बसलेला फॉस्फरस उलट परत देते.

सिमेंटचा काठ म्हणजे हे सगळं बंद. लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

छोट्या गावाचं म्हणाल तर ओढाही छोटाच असतो की हो! पाणी कमी, म्हणजे तीच घाण जास्त दाट.

आत्याला सांगितलं, हिरवट पाणी प्यायचं नाही, उकळूनही नाही, बाळाला तर मुळीच नाही, दुसरीकडचं खात्रीचं पाणी आण आणि पाणीपुरवठ्याला फोन करून नायट्रेट आणि हिरव्याचं विष दोन्ही तपासायला लाव. ती हो म्हणाली, मग जरा थांबून हळूच, "अगं पण तुझ्या काकांनी मोरचुदाचं पाकीट आणून ठेवलंय, उद्या ग्रुपमधले सगळे तळ्यावर जाणारेत." मी म्हटलं त्यांना फोन दे. अकरा वाजले होते, ते झोपले होते, मी उठवायला लावलं.