पगार होता, खोली नव्हती

व्हिएतनाममधल्या हनोईच्या ‘कोटो’वरचा तुमचा लेख आवडला. जिमी फाम यांनी १९९९ मध्ये सँडविचच्या छोट्याशा दुकानापासून सुरू केलेली ही संस्था गरीब, बेघर पोरांना हॉटेलचं काम शिकवते. पण लेखात सगळा भर नोकरीवर आहे. दोन वर्षांच्या त्या शिक्षणात राहायची सोय, औषधपाणी, इंग्रजी हे सगळं संस्थाच बघते, ते एका ओळीत उरकलंय. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

माझी पुण्यात छोटी बेकरी आहे. अठरा पूर्ण झाले म्हणून बालगृहातून बाहेर पडलेला एक मुलगा आठ महिने माझ्याकडे होता. खारीच्या पिठाला इतक्या सफाईने घड्या घालायचा की जुने कारागीर हातातलं काम थांबवून बघायचे. पण एकट्या पोराला कोणी खोली देईना. गाव कुठलं, आईवडील काय करतात, हेच प्रश्न. शेवटी तो मैद्याच्या पोत्यांवर झोपायला लागला आणि एक दिवस आलाच नाही. पगार वेळेवर देत होतो हो मी! डिपॉझिटही भरलं असतं. पण घरमालकासमोर उभा करायला मामा-काका कुठून आणणार?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस वयातल्या अशा मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, आणि आर्थिक मदतीची तरतूद आहे. तेव्हा ना त्याला ठाऊक होती, ना मला.

पुढच्या लेखात ही मुलं रात्री कुठे झोपतात, तेवढं जरूर लिहा.