रिकाम्या मातीची राखण

पुण्यात आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे दहा बाय सहाची एक पट्टी आहे. फ्लॅट घेताना तिला 'प्रायव्हेट गार्डन' म्हणाले होते. पलीकडे सात मजली इमारत, डोक्यावर शेजारचा आंबा. ऊन तिथे हळदीकुंकवाला आल्यासारखं येतं, टेकलं न टेकलं की निघालं. लॉनला महिन्याभरात टक्कल पडलं. मोगऱ्याने फक्त पानं दिली, तीही उपकार केल्यासारखी.

मग कुणीतरी सुचवलं, आपल्या जंगलातलंच काहीतरी लाव. रानहळद! सह्याद्रीत झाडांखाली आपसूक येते. मुळशीच्या मैत्रिणीने शेताच्या बांधावरचे पंधरा कंद दिले. मेअखेर लावले, पहिल्या पावसात पानांच्या सुरळ्या वर आल्या आणि श्रावणात गुलाबी तुरे, त्यांच्या खाली पिवळी फुलं. सगळ्या ग्रुपांवर फोटो टाकून मी लोकांना हैराण केलं.

दसऱ्यानंतर पानं पिवळी पडली. तुळशीच्या लग्नापर्यंत पट्टी भुईसपाट.

रानहळद मेलेली नसते, जमिनीखाली झोपलेली असते. झोपेत पाणी घातलं तर कंद कुजतो. म्हणजे पुढचे सहा-सात महिने आपण काही करायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला काही करू द्यायचं नाही. यातलं पहिलं मला उपजतच जमतं.

कामाच्या मावशी फरशी पुसलेलं पाणी 'नुसत्या मातीत' ओतायच्या. माळीबुवा कुदळ घेऊनच उभे, "ताई, सिंगोनियम लावू, बारा महिने हिरवं." चेअरमन काकांनी पट्टीत सायकली लावायचा प्रस्ताव आणला. आई चार दिवस राहायला आली आणि जाताना मेथी पेरून गेली. शेवटी मी पाटी लावली: 'येथे झाडे आहेत.' दुसऱ्या दिवशी खाली पेनाने कुणीतरी विचारलं होतं, 'कुठे?'

रानहळदीचं शास्त्रीय नाव कुर्कुमा स्यूडोमोंटाना. त्यातल्या 'स्यूडो'चा अर्थ खोटी, हे मी चेअरमन काकांना अजून सांगितलेलं नाही. 1839 साली हे नाव छापून आलं ते जॉन ग्रॅहॅम यांच्या मुंबईच्या वनस्पतींच्या यादीत. हे गृहस्थ मुंबईच्या टपालखात्यात मोठे अधिकारी. टपालवाल्यालाच ही बाई कशी भेटली, ते मला फेब्रुवारीत त्या मातीकडे बघत बसले तेव्हा उमगलं: दोघांकडेही नुसती वाट बघायची असते.

जूनमध्ये मोजले तर पंधराचे बावीस कोंब! मी पाटीवरच्या 'कुठे?'खाली लाल पेनाने 'इथे!' लिहिलं. पानं हातभर झाली, तुऱ्यांची टोकं दिसायला लागली आणि मी तीन दिवस नणंदेकडे नाशिकला गेले.

परत आले तर पट्टीत नुसते दांडे उभे.

तेवढ्यात शेजारच्या मालवणच्या काकू झाकलेली ताटली घेऊन आल्या. "अगं, उद्या नागपंचमी, चिरायचं-कापायचं नसतं ना, म्हणून आजच नेली पानं. तू नव्हतीस, म्हटलं आपलीच मुलगी, विचारायचं काय! पानात उकडलेल्या पातोळ्या आहेत, गरम आहेत तोवर खा."

मी खाल्ल्या. चार खाल्ल्या. राग होताच, पण गूळखोबऱ्याचं सारण तोंडात असताना भांडता येत नाही.

जाता जाता काकू म्हणाल्या, "पण हळदीच्या पानाचा म्हणावा तसा वास नाही हो उतरला. पुढच्या वर्षी जरा चांगल्या जातीची लाव."