शेपूट आहे की नाही

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला विमानं बघायला लांब जायची गरज नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर 1985 पासून मिराज ही लढाऊ विमानं आहेत. गच्चीवर कुरडया घालणारी आजी त्या गडगडाटाला मानही वर करत नाही. तरी दर हिवाळ्यात कुणीतरी टूम काढतंच: दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय बघू, सकाळी जाऊ, रात्री परत. जेमतेम 300 किलोमीटर!

माझं ऐकाल तर डिसेंबर-जानेवारी टाळा. धुक्यात गाडी मुरैन्यापुढे कुठंतरी रुतते आणि दुपारच्या दशम्या सकाळी नऊलाच संपतात. फेब्रुवारी बरा. सोमवार-मंगळवार संग्रहालय बंद. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे तीनदा लिहा, पहिल्या दोन वेळा नुसते अंगठे येतात.

आत शिरताच पोरं ओरडतात, "आपलं मिराज!" नसतं. मिग-21 हे जुनं लढाऊ विमान असतं. मिगची हवा नाकातून आत जाते, नाकाच्या मधोमध सुळका असतो आणि त्रिकोणी पंखांमागे आडवी शेपूट. मिराज हवा दोन्ही कुशींतून घेतं आणि त्याला आडवी शेपूटच नाही. (मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं, तेव्हा आता डोक्यावर दिसलं तर चष्म्याचा नंबर तपासा.) एवढं पाठ झालं की पोरं सुखोई-7 ला मिग म्हणतात, कारण भोक त्यालाही नाकातच. तिथं पंख बघायचे: मागे झुकलेले, त्रिकोणी नव्हेत.

माझा जीव मात्र मारुत या भारतीय लढाऊ विमानावर. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्यानं बंगळुरूच्या सरकारी विमान कारखान्यात, म्हणजे एचएएलमध्ये, आखलेलं, 1961 साली पहिल्यांदा उडालं. कमरेत असं आवळलेलं की बघत राहावं. ध्वनीच्या वेगाजवळ, पंख जिथं जोडतात तिथं धड बारीक केलं तर हवेचा अडसर कमी होतो. पण ज्या इंजिनाच्या भरवशावर हे सगळं आखलं, ते आलंच नाही. ग्नॅट या चिमुकल्या विमानाला एक पुरतं त्या ऑर्फियस जातीची दोन बसवली. लग्नाची पंगत घरच्या दोन शेगड्यांवर! हे सांगून मागे वळावं तर कुणी नसतं. मंडळी पाण्याची टाकी शोधायला गेलेली.

आजोबा सापडतात लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाजवळ. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी कानपूरला मोडीत टाकलेली ही चार इंजिनांची धुडं एचएएलनं दुरुस्त करून पुन्हा उडवली, हे कळल्यावर माळ्यावरचा जुना मिक्सर फेकायचा विषय घरात निदान वर्षभर निघत नाही.

त्याच युद्धातल्या जपानी ओहका विमानापाशी आजी विचारते, "याची चाकं कुठं गेली?" चाकं नव्हतीच. मोठ्या विमानाच्या पोटाखाली टांगून न्यायचे, सोडायचे, आत बसलेल्याने जहाजावर आदळायचं.

"पोरगाच असेल ना आत?" म्हणते आणि पिशवीतून लाडवांचा डबा काढून सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवते. तिथं खायला परवानगी आहे का, हे तिला विचारायची माझी तरी छाती नाही.