मालकाचं उत्तर: पिकअपच्या समोरचा आवाज आणि ‘पाच मिनिटांचं काम’

नमस्कार सर,

ऐन कामाच्या दिवशी तुम्हाला गाडीविना राहावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. दुपारी तुमचा फोन उचलला गेला नाही हेही खरं आहे. त्या वेळी आम्ही दोघंही गाडीखाली होतो.

तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की समोरून येणारा किंचाळण्याचा आवाज शोधायला आम्ही अख्खा दिवस लावला, गाडी नुसती उभी होती, मग अंदाजपंचे इंजिनाचा बेल्ट बदलून दिला, थोड्याच दिवसांत आवाज परत आला आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये तो पाच मिनिटांत सापडला. वर एकच तारा. तारे कमी दिले याचं एवढं नाही, पण ते ‘पाच मिनिटांत’ काही केल्या पचत नाही. हे वाचून नवीन माणूस दारातूनच परत जातो आणि आमचं पोट याच कामावर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी उभी होती, बरोबर. ती थंड होत होती.

तुमची तक्रार काय होती ते जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहिलेलं आहे: ‘सकाळी पहिल्यांदा चालू केली की समोरून जोरात किंचाळते, एक-दोन मिनिटांत बंद होते.’ आणि गाडी आणलीत ती लांबून चालवत, इंजिन चांगलं तापलेलं असताना. दवाखान्यात पाय ठेवला की दाढ दुखायची थांबते, तसं झालं होतं. बेल्टवर भार यावा म्हणून एसी लावला, हेडलाइट लावले, स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून धरलं, तेव्हा कुठे जराशी चिरचिर झाली. तेवढ्यावर पार्ट बदलायला सांगितला असता तर तो खरा अंदाजपंचे कारभार झाला असता. थंड इंजिनावरच असा आवाज का येतो, हे तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. सेल्फ मारताना बॅटरी जे खर्च करते ते भरून काढायला अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, लगेच जोर लावतो आणि त्याच वेळी त्याला फिरवणारा बेल्ट गार, कडक, कधी दमट असतो. ताण कमी असेल तर तो पुलीवर घसरतो आणि ओरडतो. गरम झाला की पकड धरतो. म्हणून रात्री गाडी ठेवा, सकाळी ऐकतो, असं म्हटलं. तुम्ही नको म्हणालात. ठीक आहे, मग बॉनेट उघडं ठेवून तिथेच थंड होऊ दिली. आणि सर, लिहू नये पण लिहितो, मधेच तुम्ही येऊन एसी लावून गाडीत फोनवर बोलत बसलात. इंजिन पुन्हा तापलं. तो वेळ आमच्या नावावर कसा काय पडला?

त्या मधल्या वेळातही आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. आवाज ब्रेकचाच आहे असं तुमचं म्हणणं होतं, म्हणून पुढची दोन्ही चाकं उतरवली. ब्रेक पॅड दोन-तीन मिलीमीटरवर आले की त्यावरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किंचाळते, पण चाक फिरत असेल तरच. तुमचा आवाज गाडी जागेवर, न्यूट्रलमध्ये असताना यायचा. तरीही तुमच्या समाधानासाठी पॅड दाखवले, भरपूर शिल्लक होते. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय का तेही पाहिलं. चाकाचं बेअरिंग घरघरतं, ते वळणावर कमी-जास्त होतं, तेही नव्हतं. याचे आम्ही काही लावले नाहीत, बिल बघा.

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर सेल्फ मारला आणि आवाज आला. चालू बेल्टच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाकले. पुली रांगेत नसेल तर पाण्याने आवाज क्षणभर थांबतो आणि परत येतो. ताण कमी असेल तर उलट वाढतो. इथे वाढला, इतका की तुम्ही कानावर हात ठेवलात. मग बेल्ट उतरवून अर्धा मिनिट इंजिन चालवलं. त्याहून जास्त नाही, कारण या इंजिनात वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. आवाज गायब. मग एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर आणि पंप गुळगुळीत. बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरला पान्हा लावून दाबला तर परत यायला आळस करत होता, स्प्रिंग थकलेली.

बेल्टच्या खाचा तर चकाकत होत्या आणि त्यात चिकट काळा थर, धूळ घट्ट बसलेली. कुणी स्प्रे मारलाय का विचारलं तर तुम्हाला राग आला. नंतर तुम्हीच गाडीतून बाटली काढून दाखवलीत. त्या स्प्रेने एक-दोन दिवस शांत वाटतं, मग धूळ धरते आणि बेल्ट आणखी खराब होतो.

आता मुख्य मुद्दा. आम्ही बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी बेल्टच टाका, टेन्शनरचं नंतर बघू. जॉब कार्डवर ‘टेन्शनर बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने सध्या नको सांगितले’ असं लिहून खाली तुमची सही घेतली आहे. ताण देणाराच ढिला असेल तर नवा बेल्टही घसरणारच. तो घसरला.

दुसऱ्या गॅरेजवाल्याबद्दल माझी काही तक्रार नाही, काम त्याने बरोबर केलं. पण त्याच्याकडे गाडी गेली तेव्हा बेल्ट नवा होता, ब्रेक तपासून झालेले होते आणि आवाज, तुम्हीच लिहिलंय तसं, दिवसभर येत होता. मग उरलं काय? टेन्शनर. त्याला पाच मिनिटं तरी का लागली, असं आमचा मेकॅनिक म्हणाला. त्याला मी गप्प केलं, पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं.

बाकी तुमच्या सूचनांचं म्हणाल तर फोन घ्यायला कुणीतरी बसवायचं चाललंय, बसायच्या जागेचंही बघतोय. आणि थंड इंजिनाच्या तक्रारीसाठी गाडी आदल्या दिवशी सोडावी लागते, अशी पाटी लावून घेतो.

जॉब कार्डची प्रत आणि तुमचा जुना बेल्ट इथे ठेवलेला आहे, कधीही येऊन बघा. रिव्ह्यू बदलायचा की नाही हे तुम्ही ठरवा, मी मागे लागणार नाही. पण एक काम करा. ढिल्या टेन्शनरवर काही दिवस घसरलेल्या नव्या बेल्टलाही चकाकी आलेली असू शकते, आणि तसं असेल तर ताण नीट असूनही तो पुन्हा ओरडेल. कुणाकडूनही एकदा बघून घ्या. आमच्याकडे आलात तर बघण्याचे पैसे नाहीत. तोवर गाडीतली ती स्प्रेची बाटली मात्र वापरू नका.