सगळ्या मोटारा एकदम लावायला लावता, मग डीपी जळणारच!

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबागांची खरड छाटणी (एप्रिलच्या सुमाराची) उरकते आणि नेमकी पाण्याच्या ओढीला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळते. लगेच वीज कंपनीचा शेरा ठरलेला: शेतकऱ्यांनी लोड वाढवला. अरे, शेतीला वीज आठ तास, त्यातही रात्रपाळी. त्या आठ तासांत सगळे मोटारा लावणार नाहीत तर कधी लावणार?

सॅम्युअल इन्सुलनं १८९२ पासून शिकागोत विजेचं साम्राज्य उभारलं ते एका साध्या हिशेबावर: सगळी गिऱ्हाइकं एकाच वेळी वीज ओढत नाहीत. दिवसा कारखाने, सकाळ-संध्याकाळ ट्राम, रात्री दिवे, म्हणून तेवढ्याच यंत्रावर सगळे भागतात. १९३२ ला तो कोसळला, पण कंपनीवर कंपनी रचून काढलेल्या कर्जापायी. विजेचा हिशेब खरा होता, आणि आपल्याकडे नेमका तोच उलटा केलाय.

६३ केव्हीए क्षमतेची डीपी तीनपैकी प्रत्येक फेजला ८४ अँपिअर करंट देते. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात घेते. म्हणजे मोटारा अकरा! जोडलेल्या असतात अठरा-वीस. मग विजेचा दाब ४१५ व्होल्टवरून ३३० वर येतो, तीच मोटार नऊच्या वर ओढायला लागते, वाइंडिंग तापतं. त्यात प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच, म्हणजे मोटार आपोआप चालू करणारं बटण. वीज आली की सगळ्या मोटारा एका क्षणी उठतात, आणि थेट सुरू होणारी मोटार उठताना सहापट करंट खाते. फ्यूज उडणारच. मग किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, जाड तारेचे वेढे घालतात. हे तर अक्षम्य आहे! फ्यूज वाचतो, डीपीतलं तेल उकळतं. ब्रीदरमधली, म्हणजे डीपीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली, निळी सिलिका गुलाबी पडलेली असते, म्हणजे तेलात ओल शिरतेय, तिकडे बघायला कुणाला वेळ नाही.

ऑटोस्विचला टायमर लावून मोटारा दोन-दोन मिनिटांच्या फरकानं उठवा. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा, तो मोटारीला लागणारा काही करंट जागेवरच पुरवतो, डीपीवरचा करंट सहाव्या हिश्शानं उतरतो. हे शेतकऱ्यानं करायलाच हवं, आणि जे कपॅसिटर काढून बायपास करतात त्यांचाही संताप येतो. पण अकराच्या जागी वीस मोटारा कपॅसिटरनं मावत नाहीत. तिथं १०० केव्हीएच लागते, नाहीतर दुसरी डीपी.

आणि होतं काय? जळालेली डीपी न्यायला ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, वर्गणी शेतकऱ्याची, तोवर बाग वाळते. बदलून येते तीही ६३ चीच, आणि तिच्यावर पुन्हा त्याच वीस मोटारा.