रोज वीस कमेंट, खाली लिंक: त्या मेसेजला उत्तर

शेतीवर मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज लव्हाळ्यासारखा आहे, कितीही उपटा, पंधरा दिवसांनी पुन्हा वर. मेसेज असा: वाचक पाहिजेत? रोज वीस ब्लॉगांवर 'छान लेख' लिहा आणि खाली आपली लिंक डकवा. लिंका वाढल्या की गूगल तुम्हाला वर चढवतं. मोठेच ब्लॉग धरा. लेखकाला आडवं बोलू नका. परवा तो पुन्हा आला आणि खाली चाळीस अंगठे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लिहितो, आणि हे सगळं करून बसलेलो आहे. म्हणून बोलतो.

आधी गूगल. ही युक्ती एके काळी चालायची, हे खरं. पण लोकांनी कमेंटीत लिंकांचा इतका उकिरडा केला की जानेवारी २००५ मध्ये गूगलनं 'नोफॉलो' नावाची खूण आणली. ती लावलेल्या दुव्याचं वजन शोधात धरायचं नाही, असा तिचा अर्थ. याहू आणि मायक्रोसॉफ्टची एमएसएन ही दुसरी शोधयंत्रंही त्यात सामील झाली. बरेच ब्लॉग ज्यावर चालतात ते वर्डप्रेस कमेंटमधल्या दुव्यांना ही खूण आपोआप लावतं. २०१९ मध्ये गूगलनं थोडं सैल केलं: ही खूण हुकूम नाही, इशारा म्हणून धरू, आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी 'यूजीसी' अशी वेगळी खूण घ्या. म्हणजे आता तुमच्या लिंकेवर 'पाहुण्यानं ठेवलेली' असा शिक्काच बसतो. वीस लिंका काय, दोनशे टाका.

शिवाय त्या दिसतात तरी का? वर्डप्रेस जसं मिळतं तसंच ठेवलं, तर दोन दुवे असलेली कमेंट मालकाच्या मंजुरीसाठी अडते, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाची तर तशीही अडते. एकच 'छान लेख' वीस ठिकाणी टाकणाऱ्याला स्पॅमची चाळणी चटकन ओळखते. गंमत अशी की नावाच्या रकान्याखाली वेबसाइटचा रकाना बहुतेक ठिकाणी असतोच. तिथं पत्ता भरला की तुमचं नावच दुवा होतं. कमेंटीत वेगळा डकवायची गरजच नसते. पण नावावर बोट ठेवायला माणसाला कारण लागतं.

ते कारण कसं तयार होतं, ते माझ्याच एका कमेंटीवरून सांगतो. मराठवाड्यातल्या एका कास्तकाराच्या ब्लॉगवर गुलाबी बोंडअळीवर लेख होता. लेख चांगला, पण सल्ला असा की अमुक दिवसांची पऱ्हाटी झाली की फवारा. मी लिहिलं: "दादा, दिवस मोजून आम्ही दोन वर्षं फवारलं, औषध वाया गेलं. मागल्या हंगामात एकरी दोन कामगंध सापळे लावले आणि रोज सकाळी पतंग मोजले. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग येईपर्यंत पंप खांद्यावर घेतला नाही. धुऱ्याकडच्या सापळ्यात जास्त येत होते. शेजारच्या वावरात जुन्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्यातूनच. तुमच्याकडे डोमकळ्या कधी दिसल्या?"

(कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, तिला नर पतंग फसतात. डोमकळी म्हणजे अळी आत शिरल्यानं नीट न उमललेलं फूल.) लिंक नाही, 'भेट द्या' नाही. शेवटचा प्रश्न खरा होता, मला उत्तर हवं होतं. संध्याकाळी लेखकाचं उत्तर आलं, त्याखाली तिघांनी विचारलं की सापळ्यातली गोळी किती दिवसांनी बदलता. त्यातला एक जण नावावर बोट ठेवून माझ्याकडे आला, एका बसणीत जुने सात लेख वाचून गेला आणि प्रत्येकाखाली काहीतरी लिहून गेला. सात, आणि एकही 'छान' नाही! वर्षभर रोज वीस टाकूनही असा एक माणूस मला मिळाला नव्हता.

आता 'आडवं बोलू नका' याचंही उत्तर त्यातच आहे. मी आडवंच बोललो होतो. पण 'तुमचं चुकलं' म्हणून थांबलो नाही, माझ्या वावरात काय झालं ते सांगितलं. पारावर बसलेली माणसं अशीच वाद घालतात. "काय सांगतं बाप्पा, माह्या वावरात तर उलटंच झालं," असं कोणी म्हटलं की सगळे माना वळवतात. नुसती मान डोलवणाऱ्याकडे कोण पाहतं?

मोठे ब्लॉग धरा, हे फोकनाड आहे. तिथं ऐंशी कमेंटींत तुमची खाली जाते. ज्याच्याकडे चार कमेंट येतात तो पाचवी नीट वाचतो, उत्तर देतो, कधी पुढच्या लेखात तुमचं नावही घेतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे: नेमानं लिहा. पण रोज वीस नाही. मी आठवड्याला दोन लिहितो, आणि लेख तळापर्यंत वाचल्याशिवाय एकही नाही. हा नियम मला एका दिवसानं शिकवला. तेव्हा वीसचा कोटा चालू होता, मी शीर्षकंही न वाचता डकवत होतो. एका ब्लॉगवर लेखकानं आपल्या वडिलांच्या मरणावर लिहिलं होतं, शेवटच्या वखरणीचा फोटो होता. त्याखाली माझी ओळ: "छान लेख! माझ्याही ब्लॉगला भेट द्या." लॉगिन न करता नुसतं नाव टाकून लिहिली होती, त्यामुळं मला ती काढता येत नाही, मालकालाच येते. दोनदा मेल केला. उत्तर नाही. कमेंट अजून तिथंच आहे, माझ्या नावासकट.